पहिली गाडी आणि लायसन्स: आधी हळू चालवायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय तेवीस, गाव कराड, नोकरी चाकण एमआयडीसीत लागली, खोली मोशीला घेणार, दोन महिन्यांनी रुजू व्हायचंय. गावात मैत्रिणीची ॲक्टिव्हा चालवली आहे, गिअरच्या गाडीला हात लावलेला नाही, लायसन्स काढलेलं नाही. उंची पाच फूट एक इंच. सगळं धरून सव्वा लाख खर्च करता येतील. भाऊ म्हणतो सेकंडहँड बुलेट घे, आई म्हणते स्कूटीच बरी. मग नेमकं काय करायचं?

मी आधी गॅरेजमध्ये होतो, आता बरीच वर्षं साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दुचाकी शिकवतो. माझं म्हणणं भाऊ आणि आई दोघांपेक्षा वेगळं आहे. गाडी आत्ता ठरवूच नका. आज शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरा, महिनाभर घरच्या किंवा ड्रायव्हिंग स्कूलच्या शंभर सीसीच्या गाडीवर हात बसवा, आणि लायसन्सची चाचणी पास झाल्यावरच शोरूममध्ये जा. गिअरची गाडी माणसाच्या चालीने, पाय न टेकता चालवता यायला लागली की किती वजन आपल्याला पेलतं आणि किती उंचीची सीट चालते हे तुमचं तुम्हालाच कळतं. ते कळायच्या आधी घेतलेली गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पसंतीची असते, आणि मग ती दारात उभी राहते. अशा किती तरी गाड्या मी गॅरेजमध्ये असताना धूळ झटकून सुरू करून दिल्या आहेत.

एक गोष्ट आधी. मैत्रिणीची ॲक्टिव्हा चालवणं आजपासून बंद करा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये झाला आहे, पण मला दंडाची एवढी काळजी नाही. तुमच्या हातून कुणाला लागलं, तर विमा कंपनी जखमी माणसाला दिलेली भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांच्या गळ्याला फास.

आता लायसन्स. शिकाऊ लायसन्सचा अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. आधारशी मोबाइल नंबर जोडलेला असेल तर आरटीओत जायची गरज पडत नाही. रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा आणि घरीच कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायची. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. सायबर कॅफेत गेलात तर तिथला माणूस म्हणेल, तुम्ही नुसत्या समोर बसा, उत्तरं मी भरतो. तसं करू नका. ती चिन्हं आणि अग्रक्रमाचे नियम पुढे रोज तुम्हालाच वापरायचे आहेत, आणि दोन संध्याकाळी वाचलं तर पुरतं.

अर्जात गाडीचा प्रकार निवडताना ‘मोटारसायकल विथ गिअर’ हाच घ्या. स्कूटर चालवता येते म्हणून पुष्कळ मुली ‘विदाऊट गिअर’वर खूण करतात आणि नंतर बाइक घ्यायची ठरली की सगळं पुन्हा करत बसतात. विथ गिअरच्या लायसन्सवर स्कूटर चालते, उलटं चालत नाही. पुढेमागे कार शिकायची असेल तर त्याच अर्जात हलकं मोटार वाहनही घालून टाका. सरकारी दर फार नाहीत. केंद्राच्या नियमाप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे १५० आणि परीक्षेचे ५०, पुढे चाचणीचे ३००, पक्क्या लायसन्सचे २०० आणि कार्डाचे २००, वर थोडंफार सेवाशुल्क. एजंटची गरज नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. तुमच्याकडे दोन महिने आहेत, म्हणजे एकदा नापास झालात तरी वेळ आहे. सात दिवसांनी पुन्हा देता येते. कायद्यातल्या २०१९च्या बदलानंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओकडे अर्ज करता येतो. त्यामुळे चाचणी कराडला द्यायची की पिंपरी-चिंचवडला, हे तारखा कुठे लवकर मिळतात ते बघून ठरवा. माझा सल्ला कराडचा, कारण तिथे सरावाची गाडी आणि मोकळं मैदान हाताशी आहे. शिकाऊ असताना पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. मागे बसवायचं तर फक्त शिकवणाऱ्यालाच, आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स हवं. मैत्रिणीला मागे घेऊन सराव करायचा नाही.

कागदाचं एवढंच. आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते.

चाचणीत सगळ्यांना धास्ती असते ती आठच्या आकड्याची. मैदानावर जमिनीला पाय न टेकता आठ काढायचा. यात ताकद लागत नाही, दोन हात आणि एक पाय यांचा मेळ लागतो. गाडी पहिल्या गिअरला. ॲक्सिलरेटर किंचित उघडा आणि एका जागी धरलेला. क्लच अर्धा. उजव्या पायाचा चवडा मागच्या ब्रेकवर, नुसता टेकलेला. वेग कमी करायचा तर ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, मागचा ब्रेक जरासा दाबायचा. वेग हवा असेल तर क्लच केसभर सोडायचा. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की इंजिनाचा जोर जातो, गाडी आतल्या बाजूला कलंडते आणि पाय टेकतो. मी पाहिलेल्या बहुतेक मुलामुलींचा पाय याच क्षणी टेकलेला आहे. आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावायचं नाही, गाडी उभ्या उभ्या आडवी होते.

बाकी काम नजरेचं. पुढच्या चाकाकडे बघाल तर चाकाजवळच अडकाल. पहिल्या गोलाच्या अर्ध्यावर असतानाच मान दुसऱ्या गोलाकडे वळली पाहिजे. मान वळली की खांदे वळतात आणि हँडल आपोआप त्यांच्यामागे वळतं. हे वाचून पटणार नाही. मैदानावर एकदा करून बघा, लगेच फरक दिसेल.

सराव असा करा. पहिले दोन दिवस इंजिन सुरूच करू नका. गाडी हाताने ढकला, मागे ओढा, वळवा, मेन स्टँडवर चढवा आणि उतरवा. स्टँडवर चढवताना हाताने उचलायची नसते. स्टँडच्या पायावर अंगाचं वजन टाकायचं, गाडी स्वतःहून वर जाते. मग सपाट मैदानावर फक्त क्लच सोडत गाडी पुढे सरकवायची, थांबवायची, पुन्हा सरकवायची, जोवर ती धक्का न देता निघत नाही तोवर. त्यानंतर भावाला शेजारून सावकाश चालायला सांगा आणि त्याच्या पुढे न जाता तीस-चाळीस पावलं गाडी सरळ न्या. हे जमलं की आठ जवळजवळ जमल्यात जमा. मग दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती आठ काढा, आधी लांब ठेवून, नंतर जवळ आणत.

चाचणीला नेणार तीच गाडी सरावाला घ्या. स्प्लेंडरमध्ये सगळे गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरमध्ये पहिला खाली आणि बाकीचे वर. आयत्या वेळी शेजाऱ्याची दुसरी गाडी नेली की पाय गोंधळतो. त्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना हे आदल्या दिवशी बघून ठेवा, हेल्मेट घालूनच मैदानावर जा, आणि वळताना हाताने इशारा द्यायला विसरू नका.

आता जे चाचणीत जवळजवळ विचारलंच जात नाही पण रस्त्यावर जीव वाचवतं, ते म्हणजे ब्रेक. आपल्याकडे घरोघरी शिकवतात की पुढचा ब्रेक लावू नको, पलटी खाशील. हे शिकवणं घातक आहे. ब्रेक लावला की गाडीचं आणि आपलं वजन पुढच्या चाकावर येतं, त्याची पकड वाढते आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून थांबवायचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी लांबवर घसरत जाते आणि समोर ट्रक असेल तर त्याच्याखाली जाते. पलटी होते ती पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबल्याने, किंवा हँडल वळलेलं असताना, किंवा वाळूवर आणि ओल्या शेणावर दाबल्याने. तो हळूहळू वाढवत दाबायचा असतो, लिंबू पिळतो तसा: आधी स्पर्श, मग दाब, मग जास्त दाब.

रविवारी सकाळी मोकळ्या कोरड्या रस्त्यावर खडूने एक रेघ मारा. ताशी वीसच्या वेगाने येऊन रेघेवर दोन्ही ब्रेक लावा आणि कुठे थांबलात तिथे खूण करा. मग तीस, मग चाळीस. चाळीसला थांबायचं अंतर वीसच्या दुप्पट नाही, चौपटीच्या घरात जातं, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढच्या गाडीपासून अंतर कसं ठेवायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे करून घेतो, आणि लायसन्स मिळाल्यावरही अधूनमधून करत राहा असं सांगतो.

आता गाडीकडे येऊ. भावाची बुलेट आधी बाजूला काढतो. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. तिचं वजन १९० किलोच्या आसपास, स्प्लेंडरचं सुमारे ११२. चालताना हा फरक फारसा जाणवत नाही, जाणवतो तो पार्किंगमध्ये. कंपनीच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंना गाड्या चिकटलेल्या आहेत, जमीन थोडी उताराची आहे, सेकंड शिफ्ट सुटली आहे आणि तुम्हाला गाडी मागे ओढून बाहेर काढायची आहे. रोज. शिवाय चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबत जायचं. पाच-सहा वर्षं हात बसू द्या, मग मनात असेल तर जरूर घ्या. आणि तुमच्या बजेटमध्ये मिळेल ती बुलेट बरीच जुनी असेल. तिच्या दुरुस्त्या नवशिक्याने कराव्या अशा नसतात.

आईच्या स्कूटीचा विचार मात्र मी गंभीरपणे करेन. मोशीतल्या मोशीत एवढंच जायचं असतं तर मी स्कूटरच सांगितली असती. पण तुमचा रस्ता पुणे-नाशिक महामार्गाचा आहे. स्कूटरचं चाक दहा-बारा इंचांचं, बाइकचं सतरा-अठराचं. पावसाळ्यात पाण्याखाली झाकलेल्या खड्ड्यात लहान चाक आत उतरतं, मोठं बऱ्याचदा वरून निघून जातं. एवढ्या एकाच कारणासाठी मी तुम्हाला बाइक सांगतो आहे. इलेक्ट्रिक स्कूटरलाही हेच लागू, आणि भाड्याच्या खोलीत चार्जिंगचं काय, हा प्रश्न वेगळा. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घ्यायला घरमालक तयार आहे का, हे विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्यासाठी माझी निवड १०० ते १२५ सीसी, आणि शक्यतो १२५. रोजचे तीसेक किलोमीटर, त्यात ट्रकच्या मधून सुटायला थोडा जोर लागतो. होंडा शाइन १२५, टीव्हीएस रेडर, बजाज पल्सर १२५ या तिन्हींवर बसून बघा. सीटची उंची तिघींचीही ७८० ते ७९० मिलिमीटरच्या आसपास, पण कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. सीट रुंद असेल तर तीच उंची जास्त वाटते. कंपनीत घालणार ते सेफ्टी शूज घालून शोरूमला जा. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकतात का बघा. टाच थोडी वर राहिली तरी चालेल. आणि त्या बुटाचं स्टीलचं टोक गिअरच्या दांडीखाली जातं का हेही तिथेच तपासा. जाड बूट अडकतो, गिअर पडत नाही आणि नेमका चौकात पडत नाही. दांडी थोडी वर बसवून घेता येते, पाच मिनिटांचं काम आहे. मग गाडी बंद ठेवून शोरूमच्या दारापासून रस्त्यापर्यंत स्वतः ढकलून न्या आणि उलटी ओढत आणा. सेल्समन म्हणेल मी काढून देतो. त्याला नको म्हणा.

पुढे डिस्क ब्रेकवाली गाडी घ्या. ड्रमपेक्षा चार-पाच हजार जास्त गेले तरी. पाणी भरल्यावर ड्रम काही वेळ पकडत नाही. एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस आलं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस जास्त चांगलं, कारण घाबरून पूर्ण दाबलं तरी ते चाक जाम होऊ देत नाही. बजेट ताणता आलं आणि तेवढं वजन पेलत असेल तर एबीएसवाली बघा, त्यासाठी ताणलेले पैसे मी वाया गेले म्हणणार नाही. पण दीडशे सीसी, स्टिकर आणि मोठा टायर यांसाठी ताणू नका.

आणखी एक बघायची गोष्ट म्हणजे चेन. शाइन, स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते. उघडी चेन पावसात चिखलाने भरते, सारखी साफ करून तेल द्यावं लागतं, आणि ओढणी तिच्यात जाऊ शकते. ओढणी चालवण्याआधी काढून सॅकमध्ये ठेवा, किंवा वरून जॅकेट घालून चेन लावा. गळ्याभोवतीची ओढणी चाकात अडकली की काय होतं ते मी पाहिलं आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

किमतीचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे डिस्कवाली सव्वाशे सीसी तुमच्या सव्वा लाखात बसते आणि हेल्मेटला पैसे उरतात. एक्स-शोरूम किमतीवर रोड टॅक्स, विमा आणि नोंदणी चढते. प्रत्येक रकमेचा तपशील लेखी मागा. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘ॲक्सेसरीज किट’ अशा नावांखाली लावलेले पैसे काढून टाकायला सांगा, निम्मे तरी निघतात. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, हे २०१८पासून आहे. स्वतःसाठीचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण त्यात आहे ना ते बघा, त्यासाठी वैध लायसन्स लागतं. म्हणूनही आधी लायसन्स, मग गाडी. नव्या गाडीबरोबर हेल्मेट देणं नियमाने बंधनकारक आहे. ते घ्या आणि मागे बसणाऱ्यासाठी ठेवा. स्वतःसाठी तोंड पूर्ण झाकणारं, आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ लिहिलेलं हेल्मेट वेगळं घ्या. पट्टा बांधून दोन्ही हातांनी मागून पुढे ढकला, डोक्यावरून निघता कामा नये. काळी काच घेऊ नका, सेकंड शिफ्टहून येताना रात्र असते.

सेकंडहँडच घ्यायची वेळ आली तर थोडक्यात सांगतो. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडा, थकीत चलनं ऑनलाइन बघा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ मागा, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सकाळी जाऊन सुरू करा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन दोष लपवतं. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध एखाद्या खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला आहे. त्याचा खर्च फार नाही, पण गाडी कशी वापरली आहे ते कळतं. गाडी आणि विमा दोन्ही तुमच्या नावावर लगेच करून घ्या.

रस्त्याबद्दल एकच सांगतो, कारण तुमच्या रस्त्यावर ते रोज लागणार आहे. चाकणमध्ये गाड्या वाहून नेणारे लांब ट्रेलर असतात. डावीकडे वळायचं असलं की ट्रेलर आधी उजवीकडे जातो आणि डावीकडे मोठी मोकळी जागा दिसते. नवखा माणूस तिथे घुसतो. मग ट्रेलर वळतो आणि त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आत कापत येतात, ती जागा पूर्ण बंद होते. ड्रायव्हरला तुम्ही त्या कोपऱ्यात दिसत नाही. तळेगाव चौकात सिग्नलला थांबताना ट्रकच्या डाव्या बाजूला कधीच उभ्या राहू नका. मागे थांबा, जिथून त्याचा आरसा तुम्हाला दिसतो. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

गाडी शक्यतो पिंपरी-चिंचवडमध्येच घ्या. कराडला घेतलीत तर मोशीपर्यंत नेताना पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास हायवे, खंबाटकी आणि नवले पुलाचा उतार लागतो, आणि नव्या गाडीचे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, पकड कमी. ते काम भावाला करू द्या, साठच्या आत चालवायला सांगा. तुम्ही एसटीने या आणि रुजू व्हायच्या आदल्या रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, मोशी ते कंपनीचं गेट असा फेरा त्याला पुढे ठेवून दोनदा मारून बघा.